काय खाल्लं विचारणारा डॉक्टर पांगरकर

डॉक्टर पांगरकर आदिलाबाद सोडून पुण्याला लेकाकडे गेला, त्याला आता महिना होत आला. आमच्या स्कॅन सेंटरमधल्या जुन्या-नव्या सगळ्यांनी मिळून त्याला निरोप दिला. शाल, नारळ, हार, समोसे, सगळं रीतसर. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिघी-चौघी मला विचारायला लागल्या, काऊन आली नाहीस, एवढी वर्षं त्याच्या दारात बसलीस, दोन शब्द तरी बोलायचे होते. दोन शब्द आहेत ना माझ्याजवळ. पण ते शाल पांघरलेल्या माणसाला ऐकवण्यासारखे नाहीत, म्हणून इथं सांगते. त्याच्या तोंडावर मी इतकी वर्षं ‘सर’ म्हटलं, त्याच्या मागंही ‘ते आले, ते गेले’ म्हटलं. नोकरी होती, करता काय. इथं मी ‘तो’ म्हणणार आहे. ज्याला खटकेल त्याला खुशाल खटको.

आमचं सेंटर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. खाली हॉल, डॉक्टरची केबिन, सीटी स्कॅनची खोली आणि मागं नर्सची लहान खोली. वर डॉक्टरचं घर. मी काउंटरवर. पेशंटची नावं घ्यायची, तपासणीच्या आधी काय करायचं ते समजावून सांगायचं, आणि बाईमाणूस असेल तर तिच्यासोबत आत जाऊन थांबायचं. माझं नाव सुनंदा. पांगरकरनं ते कधी उच्चारलं असेल तर मला आठवत नाही. तो मला ‘रिसेप्शन’ म्हणायचा. ‘रिसेप्शन, पाणी पाठव.’ ‘रिसेप्शन, पुढचा कोण?’ मशीनला तरी तो कंपनीच्या नावानं हाक मारायचा.

दिसायला माणूस नीटनेटका. पांढरा शर्ट, बाह्या पूर्ण, कॉलरला अत्तर. टेबलाच्या खणात कायम फुटाणे. बोलता बोलता खण उघडायचा, चार दाणे तोंडात टाकायचा आणि आदल्या दिवसापासून पोटात अन्न नसलेल्या पेशंटच्या समोर कुडुम कुडुम चावत बसायचा. त्यात आपलं काही चुकतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि त्याचा तो प्रश्न. मराठी माणसाला ‘काय खाल्लं?’, तेलुगू माणसाला ‘एम् तिन्नाव?’, मारवाडी दुकानदाराला ‘क्या खाया?’ नमस्कार नाही, बसा नाही, डायरेक्ट हाच. बरं, विचारून उत्तरासाठी थांबेल म्हणता? नाव नको. पेशंट तोंड उघडायच्या आधी तो स्वतःच उत्तर द्यायचा. भात खाल्ला असेल. वरण प्यायला असशील. बायकोनं लपून भाकर दिली असेल. मग आमच्याकडं वळून म्हणायचा, माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही. हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की घरी कोणी ‘खोटं’ म्हटलं तरी मला त्याच्या अत्तराचा वास यायचा.

आमच्याकडं पोटाची जी तपासणी व्हायची ती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या आतड्यात कुठं गाठ वाढून राहिली का, कोंब फुटलाय का, ते पाहायचं असतं. आधी डॉक्टर मागच्या बाजूनं दुर्बीण घालून पाहतात. ती कोणाकोणाला झेपत नाही, कोणाच्या आतड्याला असं वळण असतं की पुढं जातच नाही. मग सीटीवर करतात. आदल्या दिवशी पूर्ण पातळ पदार्थ, पोट साफ करायची पावडर पाण्यातून, आणि एक औषध, त्यानं आत जो काही मळ उरला असेल त्याच्यावर पांढरा रंग चढतो. दुसऱ्या दिवशी मागून एक बारीक नळी घालून आतडं हवेनं फुगवतात. उताणं झोपवून फोटो, पालथं झोपवून फोटो. कंप्यूटर ते सगळं जोडून आतडं आतून दाखवतो, बोगद्यात शिरल्यासारखं. पांगरकर नातेवाइकांना नेहमी समजावून सांगायचा, की कुशी बदलल्यावर जे जागा बदलतं तो मळ, आणि जे जागचं हलत नाही ती गाठ. हे तो झकास सांगायचा. मला पाठ झालं ते त्याच्याचमुळं.

त्याचं कामही चांगलं होतं, उगाच कशाला नाकारू. हात हलका. एका रिटायर झालेल्या कारकुनाच्या आतड्यात वाटाण्याएवढा कोंब त्यानं धरला. कारकून आज मजेत नातू खेळवतो. म्हणूनच तर मला राग येतो. ज्याला दिसतच नाही त्याच्यावर कोण रागावेल? याला दिसत होतं.

उटनूरच्या पलीकडून एक म्हातारा आला होता. सकाळी लवकर तपासणी, म्हणून आदल्या दिवशी आदिलाबादलगतच्या मावल्याला साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या, घरी मुक्कामाला उतरला. आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पाहुणा रिकाम्या पोटी झोपला तर त्या घरच्या बाईला झोप यायची नाही. शेजारीपाजारी विचारतील, पाहुण्याला काय केलं, तर सांगायचं काय? साळीनं बिचारीनं पाटवड्याचा रस्सा केला, भाकरी टाकल्या. म्हातारा दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा नको म्हणायची आमच्यात पद्धतच नाही. जेवला. वर पावडरीचं पाणी प्यायला, की दोन्हीकडचा मान राहिला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर सगळं आलं. पांगरकरनं काय करावं? पेशंटला परत पाठवायचं, पुन्हा यायला सांगायचं, झालं. तर नाही. हॉलमधला मोठा टीव्ही त्यानं कंप्यूटरला जोडून घेतला होता, त्यावर म्हाताऱ्याचं आतडं लावलं आणि साळीला पुढं बोलावलं. या बाई, बघा तुमचा स्वयंपाक. ही डाळ. हे बेसन. भाकर जरा जाडच थापता वाटतं. हॉल हसला. ती बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि मग बाहेर जाऊन रिक्षात बसली. म्हातारा तपासणीच्या खोलीत, उघड्या पाठीचा गाऊन घालून, आपल्यापायी बाहेर काय चाललंय हे ऐकत होता. मला त्या दिवशी वाटलं, याला कोणीतरी एकदा असंच हॉलमध्ये उभं करावं.

त्या दिवसापासून त्याची पक्की खात्री झाली. खेड्यातून आलेला प्रत्येक माणूस खाऊन आलेला असतो.

आता आक्का. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण शकुंतला. तलमडुगूकडं मराठी शाळेवर मास्तरीण. आमचे आई-बाप दुसऱ्यांच्या वावरात राबले, आणि आक्का आमच्या घरातली पहिली, जिच्या हातात खडू आला. तिला सगळे घाबरतात. मीही. तिच्यासमोर थाप मारायची कोणाची टाप नाही, कारण ती स्वतः कधी मारत नाही. एकदा शाळा तपासायला मोठे साहेब येणार होते तर हेडमास्तर म्हणाले, गैरहजर पोरं हजर दाखवा. ही म्हणाली, मी नाही दाखवत, तुमी दाखवा. झालं. बदली झाली तर झाली, बाई ढिम्म.

तिला थकवा यायला लागला. रक्त कमी निघालं, संडासातून थोडं थोडं जात होतं. आमच्या गावातल्या सर्जननं दुर्बीण घालून पाहिलं, ती अर्ध्यातून पुढं जाईना. आक्का कळवळली. सर्जन म्हणाला, राहू द्या, सीटीवर करून आणा. सीटी म्हणजे आमचंच सेंटर.

आदल्या दिवशी ती माझ्या घरी मावल्याला आली. सासूबाईंनी सकाळपासूनच तयारी लावलेली. सुनेची बहीण, मास्तरीण, वर्षातून एकदा येणारी. मी आधीच सांगितलं होतं, आत्या, ती काही खाणार नाही. आत्या म्हणाल्या, बरं. आणि दुपारी ताट वाढून आणलं. आक्का म्हणाली, नको. त्या म्हणाल्या, दोन घास. आक्का म्हणाली, नको. आत्यांनी वाटी पुढं केली, निदान खीर, ती काय जेवण थोडीच आहे. तेव्हा आक्का उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आत्या, तुमी आग्रह केला तर मी आत्ता लॉजवर जाऊन राह्यते. मले उद्या खरं काय ते पाहायचं हाय.’ सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. त्या तिच्याशी त्या दिवशी परत बोलल्या नाहीत. शेजारणीला म्हणाल्या, माझ्या घरचं अन्न चालत नाही तिला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. पाणी, काळा चहा, गाळलेली पेज आणि पावडर. दुसरं काही तिच्या पोटात गेलं नाही.

सकाळी तपासणी झाली. मी आतच होते. उताणं झालं, पालथं झालं. पांगरकरनं पडद्यावर बोगद्यातून फिरायला सुरुवात केली. उजवीकडं, जिथून मोठं आतडं सुरू होतं तिथं, भिंतीला काहीतरी चिकटलेलं होतं. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठं. रंग चढलेला नाही. उताण्या फोटोत जिथं, पालथ्या फोटोतही तिथंच. मला त्यातलं फार कळत नाही, पण याच माणसानं शंभर जणांना माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं, की न हलणारं काय असतं.

त्यानं खण उघडला, फुटाणे तोंडात टाकले.

‘काय खाल्लं?’

‘काही नाही, साहेब,’ आक्का म्हणाली. ‘पाणी, चहा, पेज, अन् तुमचं औषध.’

‘मग हे काय आहे?’

‘तेच विचाराले तर आली मी.’

पांगरकरला असं बोललेलं खपायचं नाही. तो म्हणाला, हा मळ आहे, चिकटून बसलेला. औषध नीट घेतलं नाही म्हणून रंग चढला नाही. मी न राहवून मधेच बोलले. म्हटलं, सर, ती माझ्याच घरी होती, माझ्यासमोर होती, तिनं खरंच काही खाल्लं नाही. तो माझ्याकडं वळला. हसला. ‘तुझ्या घरी होती? मग प्रश्नच मिटला. तुमच्या लोकांत पाहुण्याला उपाशी झोपवतात का?’

तुमच्या लोकांत. हे दोन शब्द तो किती अलगद टाकायचा. त्यात काय काय भरलेलं आहे ते आम्हाला कळतं, आणि आम्हाला कळतं हे त्यालाही कळतं. मी मान खाली घातली. आक्कानं घातली नाही. म्हणाली, साहेब, नीट पाहा, पुन्हा एकदा पाहा. तेव्हा तो उठला, दार उघडलं, बाहेर हॉलमध्ये आला आणि पंचवीस-तीस लोकांसमोर म्हणाला, की ही शाळेत मास्तरीण आहे, पोरांना खरं बोलायला शिकवते, आणि इथं येऊन डॉक्टरशी खोटं बोलते. हॉल हसला. टीव्हीवर आक्काचं आतडं लागलेलं होतं.

रिपोर्टात आलं, की पोट साफ नव्हतं, गाठ अशी काही दिसत नाही, त्रास चालू राहिला तर काही महिन्यांनी पुन्हा करा. सर्जननं रिपोर्टावर विश्वास ठेवला. त्याचं तरी काय चुकलं. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

दोन महिन्यांत आक्का उतरली. शाळेच्या पायऱ्या चढताना थांबायला लागली. मी म्हटलं, चल नागपूरला, तिथं मोठे डॉक्टर आहेत. ती म्हणाली, नागपूरला जाईन. पण तिथं पहिला प्रश्न विचारतील, आदिलाबादला काय निघालं? अन् माझ्या हातात कागद असंल, बाई खाऊन आली. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, जीव मोठा का शब्द मोठा? तर म्हणाली, ‘सुनंदा, जीव माझाच हाय, अन् शब्दबी माझाच. त्यानं दोन्ही एकाच दिवशी खोटे ठरवले.’ तिनं सर्जनला फोन केला, पुन्हा तपासणी करायची का म्हणून. तो म्हणाला, करा.

सोमवारी सकाळी ती सेंटरमध्ये आली. हातात चादर, पाण्याची बाटली, पावडरीचं पाकीट. डॉक्टरच्या केबिनसमोरच्या बाकड्यावर बसली. पांगरकर बाहेर आला तर त्याला म्हणाली, ‘साहेब, मी आता इथंच बसून राह्यते. उद्या सकाळी तपासा. मधात मी काय खाल्लं, काय प्यालं, तुमीच पाहा. एकदा पंचनामा होऊन जाऊ द्या.’

तो चिडला. म्हणाला, ही धर्मशाळा आहे का? ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, मी वॉचमनला सांगून बाहेर काढीन. ती म्हणाली, काढा. पण हॉल भरलेला होता, आणि या वेळी कोणी हसत नव्हतं. एक म्हातारी तर सरकून आक्काला जागा करून देत होती. पांगरकरनं सगळ्यांकडं पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते मला तिथं काउंटरवर बसून कळलं. त्याला दया आली नाही. त्याला वाटलं, बरं झालं, उद्या सगळ्यांसमोर हिला खोटी पाडतो. म्हणाला, ठीक आहे. बस. पण बाकड्यावरून हलायचं नाही.

हलायचं नाही कसं? पावडर प्यायल्यावर माणसाला बाथरूमच्या वाऱ्या कराव्याच लागतात. आक्का ग्लासभर प्यायची, थोड्या वेळानं उठायची, जायची, येऊन पुन्हा सरळ बसायची. शाळेत परीक्षेवर बसल्यासारखी. दुपारपर्यंत लोक आपणहून वाट मोकळी करायला लागले. पांगरकर मधून मधून केबिनचा पडदा सरकवून पाहायचा. तिच्या पिशवीत काही आहे का, मी तिला काही देते का. मला त्यानं काउंटरवरचा माझा डबासुद्धा आत ठेवायला लावला.

आणि दुपारी वरून मॅडम उतरल्या.

मॅडम म्हणजे डॉक्टरची बायको. यवतमाळकडच्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज फार तर जिन्यावरून ऐकलेला, ‘जेवायला येता का’ एवढाच. कोणीतरी त्यांना सांगितलं, की खाली एक बाई सकाळपासून उपाशी बसली आहे. का बसली, कशासाठी बसली, हे कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. आपल्या घराच्या खाली उपाशी बाई बसली आहे आणि आपण वर जेवायला बसायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. ताट घेऊन आल्या. वरण-भात, तूप, वांग्याची भाजी, लोणचं. आक्काच्या समोर धरलं.

आक्का म्हणाली, नको ताई.

मॅडम म्हणाल्या, असं कसं, चार घास घ्या. माझ्या घरी आत्यांनी आक्काला केलं होतं तेच, तसंच. ताट पुढं, वाकलेली मान, डोळ्यात काळजी. मला हसू यावं की रडू, कळेना. आक्का म्हणाली, ‘ताई, तुमी लय चांगल्या आहात. पण मी खाल्लं तर तुमच्या साहेबाचं खरं होईल.’ तेवढ्यात पांगरकर पडदा फाडल्यासारखा बाहेर आला आणि ओरडला, तिला काही देऊ नकोस. मॅडम चपापल्या. म्हणाल्या, बाई उपाशी आहे हो. तो म्हणाला, उपाशीच राहायला पाहिजे तिला, घेऊन जा ते. बाहेरची दहा माणसं ऐकत होती. मॅडमनी ताट उचललं आणि जिना चढून गेल्या. संध्याकाळी त्या पुन्हा आल्या, नारळपाणी घेऊन, ते चालतं का असं आधी मला विचारून. त्या दिवशी वर त्या स्वतःही जेवल्या नाहीत, हे मला त्यांच्या मोलकरणीनं नंतर सांगितलं; आक्का का बसली होती ते सगळं तिनंच मॅडमना सांगितलं होतं. रात्रीपुरती आक्का नर्सच्या खोलीत झोपली, आणि खोलीची किल्ली पांगरकरनं स्वतःजवळ ठेवली असती तर मला नवल वाटलं नसतं. पहाटे तोच आधी खाली आला.

तपासणी झाली. उताणी, पालथी. पांगरकर खुर्चीत बसला आणि बोगद्यातून उजवीकडं गेला. आत कुठंही काही नव्हतं, आतडं धुवून काढल्यासारखं. आणि ती गाठ तिथंच होती. मागच्यापेक्षा जरा मोठी, मधोमध खळगा पडलेली. त्यानं फोटो पुढं नेला, मागं आणला. मागच्या वेळचा फोटो काढला, शेजारी लावला. खण उघडला नाही. मी त्याच्या मागं उभी होते. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती, आणि खरं सांगते, मला त्या मानेची किंचित कीव आली. वाटलं, आता म्हणेल. आता वळेल आणि म्हणेल, बाई, माझं चुकलं.

तो वळला. आक्का गाऊन सावरत टेबलावर बसली होती. तो म्हणाला, ‘गाठ आहे. आता स्पष्ट दिसली. मागच्या वेळी तू खाऊन आली होतीस ना, म्हणून झाकली गेली.’

जी कीव आली होती ती तिथंच मेली.

आक्का टेबलावरून उतरली. कपडे घातले, माझा हात धरला, बाहेर आली. गाठ आहे हे ऐकलं होतं ना तिनं. आम्ही दोघी रिक्षात बसून मावल्याला आलो आणि मग ती रडली, पण गाठीसाठी रडली का त्या वाक्यासाठी, मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी पांगरकर आमच्या घरी आला. मोठी गाडी गल्लीत मावेना. घरात पहिल्यांदाच पाऊल. सासूबाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा केला. चहाला त्यानं हात लावला नाही. आक्कासमोर बसून म्हणाला, नागपूरला माझ्या ओळखीचे सर्जन आहेत, मी फोन करतो, लवकर वेळ मिळेल. आणि मग आवाज खाली आणून, तिथं आधीची तपासणी काढायची काही गरज नाही, नवीच दाखवा, उगाच गोंधळ होतो. त्या दिवशी तो तिला ‘तुम्ही’ म्हणत होता. बघा, येतं त्याला.

आक्का म्हणाली, ‘तिथं कोणी विचारलं तर सांगीन, साहेब. नाही विचारलं तर आपणहून नाही सांगणार. मले तुमचं नाव खराब करून काही मिळत नाही. पण तुमी मले हॉलमधी खोटी म्हटलं. तर हॉलमधीच खरी म्हणा. एक वाक्य. बाईनं काही खाल्लं नव्हतं.’

तो म्हणाला, बघू. आणि गेला. सासूबाईंनी तो कप उचलला आणि चहा मोरीत ओतला. त्यानंतर त्यांनी आक्काचा राग सोडला.

नागपूरला ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला, कॅन्सर निघाला, बाजूच्या ग्रंथींतही थोडा उतरला होता, म्हणून पुढं सलाइनमधून औषधं. तिथल्या सर्जननं विचारलंच, आधी कधी तपासलं होतं? आक्कानं सांगितलं. मी त्यांना विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, फरक पडला असता की नाही, आता कोणीच सांगू शकत नाही. भला माणूस, खरं बोलला. पण मला त्याच उत्तराचा सगळ्यात जास्त राग आहे. पांगरकरनं आमचं काय नेलं ते आम्हाला कधी कळणारसुद्धा नाही.

औषधांनी आक्काचे केस गेले, परत आले. वजन थोडं भरलं. मी रोज काउंटरवर बसत होते आणि रोज त्याच्याकडं पाहत होते, की आज बोलेल, उद्या बोलेल. तो मला ‘रिसेप्शन, पुढचा कोण?’ विचारायचा. हॉलमध्ये मात्र लोकांना सांगायला लागला होता, की तलमडुगूची एक मास्तरीण, गाठ अशी अवघड जागी, मी धरली. एकदा माझ्यासमोर सांगितलं. मी पाण्याचा ग्लास इतक्या जोरात ठेवला की सांडला. त्यानं पाहिलं, आणि गोष्ट पुरी केली.

त्यानंतरही तो बरेच दिवस सेंटरमध्ये होता, मी त्याला रोज पाहिलं. पण मला विचाराल तर मी त्याला शेवटचं पाहिलं ते आक्काचे केस परत आल्यावरच्या एका सोमवारी.

हॉल गच्च भरलेला. आक्का आली, डोक्यावर पदर, हातात काही नाही. तपासणीला नव्हती आली. बाकड्यावर बसली. पांगरकर केबिनमधून बाहेर आला आणि तिला पाहून थबकला. आक्का उभी राहिली.

‘साहेब, ते एक वाक्य राह्यलं होतं.’

लोकांना काही माहीत नव्हतं, तरी सगळ्यांनी माना वळवल्या. ती काही भांडायला आली नव्हती, आवाज चढवला नव्हता. पोराला पाठ विचारावा तसं विचारत होती. पांगरकरनं तिच्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. तोंड उघडलं. मला वाटलं, आलं आता. तो म्हणाला, ‘रिसेप्शन, पुढचा कोण?’

नाव माझ्यासमोर होतं. मी वाचलं नाही.

तो पुन्हा म्हणाला, रिसेप्शन. आणि तेव्हा जिन्यावरून आवाज आला. मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. कठड्याला धरलेलं, आवाज कापत होता, पण हॉलच्या दारापर्यंत ऐकू गेला.

‘त्या बाईनं काहीच खाल्लं नव्हतं. ताट मी आणलं होतं, मीच परत नेलं. आधीच्या वेळीही खाल्लं नसंल. खोटं बोलणारी बाई असं ताट परत पाठवत नाही.’

पांगरकर म्हणाला, तू वर जा.

‘जाते ना. या बाईले घेऊन जाते,’ मॅडम म्हणाल्या, आणि आक्काकडं पाहून, ‘चला ताई. स्वयंपाक झाला हाय.’

आक्का म्हणाली, ‘आता जेवते.’

ती हॉलमधून चालत गेली, लोकांनी वाट दिली, आणि दोघी जिना चढून वर गेल्या. त्यांच्या घरात आमच्यातलं कोणी जेवायला गेल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. वरून पाट सरकवल्याचा आवाज आला. डॉक्टर पांगरकर खाली हॉलमध्ये उभा होता, सगळे त्याच्याकडं पाहत होते, आणि मी पुढचं नाव अजून वाचलेलं नव्हतं.